डेबियन १२ ची इन्स्टॉलेशन इमेज : सर्व्हर बसवणाऱ्याच्या नजरेतून

१० जून २०२३ रोजी डेबियन या मुक्त लिनक्स कार्यप्रणालीची १२ वी आवृत्ती, ‘बुकवर्म’, प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या भांडारात ६४,४१९ पॅकेजे (बसवण्याजोग्या सॉफ्टवेअरचे गठ्ठे) होती. त्यांतली कोणती इमेजवर (प्रणाली बसवण्यासाठी उतरवून घ्यायच्या फाइलवर) घ्यायची आणि कोणती मागे ठेवायची, हा निर्णय सर्व्हरच्या दृष्टीने कितपत नीट झाला आहे, एवढ्याच अंगाने मी हे परीक्षण लिहीत आहे. कारण ज्या खोलीत इंटरनेट पोहोचत नाही, तिथे इमेजवर नसलेले पॅकेज असून नसल्यासारखेच असते.

साधारण साडेसहाशे एमबीची ‘नेटइन्स्ट’ इमेज पायाभूत प्रणाली उभी करते आणि बाकीचे सारे मिररवरून (पॅकेजांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) उतरवते. चांगली जोडणी असेल तर सर्व्हरसाठी मी हीच सुचवीन, कारण नको असलेले काही येत नाही आणि जे येते ते सुरक्षा-दुरुस्त्यांसह ताजे येते. ११ व्या आवृत्तीपर्यंत मात्र या रचनेत एक मोठी अडचण होती. ब्रॉडकॉमच्या नेटएक्स्ट्रीम टू मालिकेतील नेटवर्क कार्डांना फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाइल लागते, आणि ती मुक्त परवान्याखाली नसल्यामुळे अधिकृत इमेजवर ठेवली जात नसे. म्हणजे फर्मवेअर उतरवायला नेटवर्क हवे आणि नेटवर्क सुरू व्हायला फर्मवेअर हवे, असा पेच पडे. फर्मवेअर घातलेली अनधिकृत इमेज वेगळी मिळत असे, पण नवख्या माणसाला तिचा पत्ता सहजी लागत नसे. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान करून आपल्या सामाजिक करारात (प्रकल्पाच्या मूळ तत्त्वांच्या जाहीरनाम्यात) बदल केला आणि १२ व्या आवृत्तीपासून हे फर्मवेअर अधिकृत इमेजवरच आले. इन्स्टॉलर यंत्र तपासून लागेल तेवढेच बसवतो, आणि तत्त्व म्हणून ज्यांना ते नको असेल त्यांना बूट करतानाच ते नाकारता येते. मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह मला मनापासून पटतो, तरीही या आवृत्तीतला सर्वांत योग्य निर्णय मी यालाच म्हणेन.

डीव्हीडीच्या इमेजबाबत मी इतका समाधानी नाही. पहिली डीव्हीडी पावणेचार जीबीच्या आसपास आहे. तिच्यावर कोणती पॅकेजे आधी घ्यायची याचा क्रम मुख्यतः ‘पॉपकॉन’ या लोकप्रियतेच्या मोजणीवरून (यंत्रांनी आपल्यावरील पॅकेजांच्या पाठवलेल्या नोंदींवरून) लागतो, आणि प्रत्येक पॅकेजबरोबर त्याची अवलंबने (ते चालायला लागणारी इतर पॅकेजे) येतील याची काळजी घेतली जाते. ही दुसरी गोष्ट उत्तम सांभाळली आहे. प्रश्न मोजणीचा आहे. पॉपकॉन ऐच्छिक आहे, इन्स्टॉलर त्याविषयी विचारतो तेव्हा उत्तर आधीपासून ‘नाही’ असते, आणि बाहेरची वाट अडवणाऱ्या फायरवॉलमागच्या किंवा इंटरनेटपासून तोडलेल्या सर्व्हरची नोंद तिथे पोहोचण्याचा मार्गच नसतो. ज्या यंत्रांना डीव्हीडीची खरी गरज, त्यांचाच आवाज त्या डीव्हीडीच्या निवडीत सर्वांत क्षीण राहतो. परिणामी या जागेचा मोठा भाग ग्नोम, केडीई, लिबरऑफिस अशा डेस्कटॉपच्या सामानाने व्यापलेला दिसतो. १६ जीबीच्या पेनड्राइव्हसाठी मोठी इमेज आहे, पण ती जिगडो या साधनाने स्वतः जुळवून घ्यावी लागते.

इमेजवर पॅकेज असणे आणि ते आपोआप बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात ठेवावे. निवडीच्या पडद्यावर ग्नोमसमोर आधीच खूण असते. ती काढून एसएसएच सर्व्हर (दुरून प्रवेशासाठी) आणि प्रमाण उपयुक्त साधने एवढेच ठेवावे. तरीही फाइल उतरवणारे कर्ल येत नाही, ते वेगळे बसवावे लागते. प्रणालीच्या नोंदी फाइलमध्ये लिहिणारे आरसिसलॉग याही आवृत्तीत उपलब्ध आहे, पण नव्या प्रणालीत ते आपोआप बसत नाही आणि नोंदी सिस्टमडी या सेवा-व्यवस्थापकाच्या जर्नलमध्ये जातात. त्यामुळे लॉगची जुनी फाइल वाचून फसलेल्या लॉगिनवाल्यांना अडवणारे फेलटूबॅनसारखे साधन जर्नलकडे वळवले नाही तर ते सुरूच होत नाही. हा बदल मला मान्य आहे, फक्त बंद खोलीत जाण्यापूर्वी तो ठाऊक असायला हवा.

सर्व्हरसाठी पहिल्या डीव्हीडीचे वेगळे रूप निघावे, ज्यात डेस्कटॉपच्या जागी डेटाबेस, बॅकअप, देखरेख आणि आभासीकरणाची पॅकेजे असतील, अशी माझी प्रामाणिक मागणी आहे. तोवर, बाहेर जोडणी असलेल्या माझ्या प्रत्येक सर्व्हरवर पॉपकॉनच्या प्रश्नाला मी ‘हो’ असे उत्तर देतो.