गणपती पेठेतलं हळदीचं दुकान: आता लेकीलाही आवडतं

सांगलीच्या गणपती पेठेतल्या या दुकानातून आमच्याकडे सासूबाईंच्या काळापासून वर्षाची हळद येते. लेक पुण्यात मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. तिला किलोकिलोनं हळद घेऊन काय करायची? धाकट्या मालकांनी हे बरोबर ओळखलंय. शंभर ग्रॅमची पाकिटं ठेवलीत, वर दळल्याची तारीख आणि हळदीची जात राजापुरी की सेलम तेही लिहिलेलं. पैसे फोनवरून दिले तरी कुणी तोंड वाकडं करत नाही.

मला भावलं ते वेगळंच. लेकीनं विचारलं, "काका, यात रंग नाही ना मिसळलेला?" थोरले मालक असते तर चिडलेच असते. यांनी हळकुंड अडकित्त्यानं फोडलं, आतला गर्द केशरी गाभा दाखवला आणि तेच समोर दळून दिलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हेही समजावून सांगितलं. ही पोरं प्रश्न विचारणारच, आणि विचारावेतच.

एक गोष्ट खटकते. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतात, पण कुरिअरचा खर्च पार्सल बांधल्यावर कळवतात. तो आधीच सांगा. बाकी हळद एक नंबर. भाजीत चिमूटभर पुरते.