स्मूदिंग व्हॉल्युममध्ये की सरफेसवर?

मुंब्र्याहून रबाळ्याला जायचं तर मध्ये पारसिकचा डोंगर. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन्ही शेजारी, पण रस्ता कळवा-विटाव्यावरून नाहीतर शिळफाटा-महापेमार्गे. घणसोलीच्या एका विद्यार्थिनीने फंक्शनल एमआरआयच्या (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) स्मूदिंगबद्दल, म्हणजे प्रत्येक बिंदूचा सिग्नल शेजाऱ्यांच्या सिग्नलशी सरासरीत मिसळण्याबद्दल, विचारलं, तेव्हा मी तिला हाच डोंगर दाखवला.

व्हॉल्युममधलं, म्हणजे त्रिमितीय प्रतिमेतलं, स्मूदिंग पट्टीचं अंतर धरतं; सरफेसवरचं, म्हणजे मेंदूच्या घडीदार पृष्ठभागावरचं, रस्त्याचं. कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, सरासरी अडीच मिलिमीटर जाड, आणि सवयीने कर्नल (किती अंतरापर्यंत मिसळायचं ते माप) लावला जातो 8 मिमीचा. सेंट्रल सल्कस या कॉर्टेक्समधल्या खाचेच्या पुढच्या काठावर हालचालीचा भाग, मागच्या काठावर स्पर्शाचा. दोन्ही खाचेत समोरासमोर, पण पृष्ठभागावरून खाली उतरून पलीकडे चढायला बरंच अंतर पडतं. बोटं हलवण्याच्या प्रयोगात एकाच माणसाचा नकाशा मी दोन्ही तऱ्हेने काढला. व्हॉल्युममध्ये खाच ओलांडून पसरलेला एकच ठिपका आला. सरफेसवर दोन काठांवर दोन ठिपके स्पष्ट दिसले.

कॉर्टेक्समध्ये नेमकं कुठे, हा प्रश्न असेल तर मी सरफेसच घेईन. पण त्याला कष्ट आहेत. 1 मिमीचा चांगला टी-1 (मेंदूची रचना दाखवणारा) स्कॅन हवा, फ्रीसर्फर हे पृष्ठभाग आखणारं सॉफ्टवेअर प्रत्येक माणसामागे कित्येक तास घेतं, आणि आखलेल्या सीमा स्वतः तपासाव्या लागतात. फंक्शनल प्रतिमा टी-1वर दोन-तीन मिमी सरकून बसली, तर सिग्नल भलत्याच काठावर जातो. तेवढी तपासणी जमणार नसेल, तर कमी कर्नलचं व्हॉल्युम बरं.

अमिग्डाला, थॅलॅमस या मेंदूतल्या खोल भागांना सरफेसचा उपयोग नाही, तिथे व्हॉल्युमच. ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट या मेंदूच्या नकाशाच्या मोठ्या प्रकल्पाने दोन्ही एकत्र केलं: कॉर्टेक्सचे व्हर्टेक्स (पृष्ठभागावरचे बिंदू), खोल भागांचे व्हॉक्सेल (त्रिमितीय प्रतिमेतले ठोकळे), मिळून 91,282 बिंदू आणि स्मूदिंग फक्त 2 मिमी.

आणि क्रम उलटा करू नका. आधी व्हॉल्युममध्ये स्मूद करून मग सरफेसवर टाकलं, तर काठांची सरमिसळ आधीच झालेली असते.

एक चूक माझ्याकडून घडली आहे. कनेक्टोम वर्कबेंच हे त्याच प्रकल्पाचं सॉफ्टवेअर वेगळं न सांगितल्यास कर्नलचा आकडा सिग्मा (प्रमाण विचलन) म्हणून घेतं. मी 6 लिहिलं, एफडब्ल्यूएचएम (कर्नलची निम्म्या उंचीवरची पूर्ण रुंदी) समजून. त्या मापाने कर्नल सुमारे 14 मिमी झाला, आणि आठवडाभराचं विश्लेषण पुन्हा करावं लागलं.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न बोटांच्या नकाशाचा आहे. मी सरफेस आणि 4 मिमी सुचवलं. पहिल्या चौघांचे स्कॅन काल रात्रीपासून फ्रीसर्फरवर चालू आहेत.