इंजिनासोबत चढणारी शिट्टी: अर्थिंग, आयसोलेटर की फिल्टर?

गाणे थांबल्यावर गाडीच्या स्पीकरमधून बारीक शिट्टी ऐकू येते आणि ॲक्सलरेटर दाबताच तिचा स्वर चढत जातो, अशी तक्रार घेऊन गेल्यावर बहुधा तीन उपाय सुचवले जातात. अर्थिंग (निगेटिव्ह वायरची गाडीच्या बॉडीशी जोडणी) नव्याने करावे, सिग्नलच्या केबलवर ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा, किंवा स्टिरिओच्या पॉझिटिव्ह वायरवर नॉइज फिल्टर बसवावा. तिन्ही उपाय उपयोगी आहेत. मात्र प्रत्येकाचे दुखणे निराळे आहे, आणि आवाज कोठून शिरतो हे न तपासता यांपैकी काहीही विकत घेणे मला योग्य वाटत नाही.

शिट्टीचे मूळ अल्टरनेटरमध्ये, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या जनित्रात असते. त्यात निर्माण होणारा तीन फेजचा एसी प्रवाह डायोडमधून (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांतून) जाऊन डीसी होतो, पण तो पूर्ण सपाट नसतो. त्यावर बारीक लहरी राहतात. बारा पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) अल्टरनेटरची पुली इंजिनाच्या अडीच पट वेगाने फिरते असे धरले, तर 800 आरपीएमला या लहरींची वारंवारता सुमारे 1200 हर्ट्झ आणि 2400 आरपीएमला सुमारे 3600 हर्ट्झ येते. मानवी कान नेमका याच पट्ट्यात अतिशय तीक्ष्ण असल्याने अगदी क्षीण शिट्टीही खुपते. आवाज शिट्टीसारखा नसून टकटक असा, इंजिनाच्या लयीत येत असेल, तर अल्टरनेटरऐवजी स्पार्क प्लग आणि इग्निशनच्या वायरींकडे पाहावे.

निवड करण्यापूर्वीची तपासणी फार अवघड नाही. इंजिन चालू ठेवून स्टिरिओचा आवाज कमी-जास्त करावा. शिट्टीही सोबत कमी-जास्त झाली, तर ती आवाजाच्या नियंत्रणाच्या आधीच, म्हणजे ऑक्स (फोन वायरने जोडण्याचे इनपुट) किंवा रेडिओच्या बाजूने शिरत आहे. ती तेवढीच राहिली, तर दोष पुढे आहे. अशा वेळी सर्व यंत्रणा बंद करून ॲम्प्लिफायरच्या आरसीए केबल (स्टिरिओकडून सिग्नल आणणाऱ्या वायरी) काढाव्यात, रिकाम्या इनपुटमध्ये शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन टोके आपसांत जोडणारे प्लग) घालावेत आणि पुन्हा चालू करून ऐकावे. शिट्टी राहिली तर ॲम्प्लिफायरचे स्वतःचे अर्थिंग, पुरवठा किंवा स्पीकरच्या वायरी संशयास्पद ठरतात. गेली, तर आरसीए केबल आणि स्टिरिओ यांच्याकडे वळावे. हे करताना स्टिरिओची अर्थची वायर प्रयोग म्हणून कधीही सोडू नये, कारण मग तिचा सगळा प्रवाह आरसीएच्या जाळीतून (केबलमधील धातूच्या वेष्टनातून) परतू लागतो आणि स्टिरिओतील नाजूक जोडणी जळू शकते.

तिन्ही उपायांत अर्थिंगला मी सर्वाधिक वजन देतो. स्टिरिओचा अर्थ डॅशबोर्डमागे आणि ॲम्प्लिफायरचा डिकीत असला, की त्या दोन जागांत थोडा व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो फरक आरसीएच्या जाळीतून प्रवाह ढकलतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. ॲम्प्लिफायर 30 अँपिअर घेत असेल आणि अर्थच्या जोडणीचा रोध केवळ 0.01 ओहम असेल, तरी तेथे 0.3 व्होल्ट पडतात. मंद संगीतात आरसीएवरचा सिग्नल काही मिलिव्होल्टच असतो, हे लक्षात घेतले तर या 0.3 व्होल्टमधील अल्पसा लहरी अंशही ऐकू येण्यास पुरेसा का ठरतो ते कळते. संगीत जोरात चालू असताना ॲम्प्लिफायरच्या अर्थ टर्मिनलपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटरने मोजावे, 0.1 व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसल्यास प्रथम हेच काम करावे. बॅटरीचा निगेटिव्ह काढून, बॉडीवरील रंग उघड्या धातूपर्यंत घासून, जाड आणि आखूड वायर रिंग टर्मिनलसह घट्ट बोल्ट करावी. सीट बेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नये. या उपायात खर्च थोडा आणि मेहनत जास्त आहे, पण ध्वनीतून काहीच वजा होत नाही.

आयसोलेटरचे तसे नाही. त्यात एकास एक प्रमाणाचे लहान ट्रान्सफॉर्मर असतात, जे सिग्नल पुढे नेतात पण जाळीची वाट तोडतात. बसवायला पाच मिनिटे लागतात आणि शिट्टी तत्काळ जाते, हे खरे. मात्र लहान गाभ्याचे ट्रान्सफॉर्मर खोल बास नीट पेलत नाहीत, म्हणून सबवूफरच्या मार्गावर साधा आयसोलेटर लावणे मी टाळेन. चार्जर लावलेला फोन ऑक्स वायरने जोडल्यावरच शिट्टी येत असेल, तर आयसोलेटर ही खरोखर योग्य निवड आहे, कारण तेथे चार्जरमधून येणारा अर्थ आपल्याला बदलता येत नाही. चार्जर काढून किंवा ब्लूटूथवर ऐकून या शंकेची खात्री आधी करून घ्यावी.

पॉझिटिव्ह वायरवरील फिल्टर म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर. पुरवठ्यातूनच लहरी स्टिरिओत शिरत असतील तरच त्याचा उपयोग होतो, आणि ग्राउंड लूपवर तो बहुधा काहीच करत नाही. स्टिरिओच्या फ्यूजइतका प्रवाह तो सहन करणारा असावा. ॲम्प्लिफायरच्या जाड वायरवर असा छोटा फिल्टर लावू नये.

वायरींची वाट बदलण्याबाबत एवढेच, की पॉवर केबल एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्याव्यात. ॲम्प्लिफायरचा गेन (सिग्नल किती वाढवायचा याची मात्रा) गरजेपेक्षा जास्त असेल तर तोही आधी उतरवून पाहावा.

एवढे करूनही शिट्टी टिकली, आणि सोबत हेडलाइट फडफडत असतील, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजावे. वाचन अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा वर गेल्यास अल्टरनेटरचा डायोड निकामी झाल्याची शक्यता मोठी असते, आणि मग पैसे ऑडिओच्या सामानावर न घालता अल्टरनेटरच्या दुरुस्तीवर घालावेत. मात्र ही तपासणी करताना चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी पद्धत वापरू नये. त्या क्षणी उसळणारे व्होल्टेज गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग जाळू शकते.