खडावांची तक्रार मागे घेतली, बत्तिसाव्या प्रकरणाची नाही

माझी तक्रार चौथ्यांदा ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केली, तेव्हा हे लिहायला बसले.

ऑडिओबुकचं ॲप कसं चालतं, वेग कसा वाढवायचा, डाउनलोड कुठे सापडतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी वर्षाचं सदस्यत्व सवलतीत घेतलं आणि आठ महिन्यांत 11 कादंबऱ्या ऐकल्या. सगळ्या एकाच जातकुळीच्या, मराठी अनुवाद: दुसरं महायुद्ध, जर्मनांनी गिळलेला किंवा वेढलेला मुलूख आणि मध्ये एक बाई. पहिली आवडली म्हणून दुसरी लावली. तिसरीपासून पुढे पैसे वसूल करायचे होते, हे कबूल करते.

घोळ झाला सातवीत. 1942 चं पॅरिस. नायिका टायपिस्ट. संचारबंदीला दहा मिनिटं उरलेली, सायकलच्या हँडलच्या नळीत कागदाची सुरळी, पुलावर नाका. शिपाई म्हणतो, ‘‘उतरा.’’ एकतिसावं प्रकरण संपलं. बत्तिसावं लावलं तर पुन्हा पूल, पुन्हा सायकल, पुन्हा ‘‘उतरा.’’ नाव बत्तीसचं, आत माल एकतीसचाच. तेहतिसाव्यात बाईसाहेब घरी बसून रुटाबागा सोलतायत! (बटाटा मिळेनासा झाल्यावर फ्रान्सने हा कंद इतका खाल्ला की युद्धानंतर कित्येकांना तो नजरेसमोर नकोसा झाला.) ती सुटली कशी, हे मात्र कोणी सांगेना.

ग्राहकसेवेचं पहिलं उत्तर आलं, ॲप काढून पुन्हा टाका. टाकलं, तर डाउनलोड केलेलं सगळं गेलं. दुसरं उत्तर, इंटरनेट तपासा. तिसऱ्या खेपेला बहुधा खरा माणूस भेटला, त्याने स्क्रीनशॉट मागितला. न ऐकू येणाऱ्या प्रकरणाचा स्क्रीनशॉट कसा काढतात, ते त्याने सांगितलं नाही.

त्याच मेलमध्ये मी दुसरी एक तक्रारही चिकटवली होती, आणि ती आठवून आता कानकोंडं व्हायला होतं. अनुवादकाने नायिकेच्या पायात ‘खडावा’ घातल्या होत्या. एकदा नव्हे, पुस्तकभर. ‘खडावांचा आवाज होऊ नये म्हणून ती पायरीच्या कडेकडेने चढली.’ मी फोन बाजूला ठेवून हसले. खडावा म्हटलं की कमंडलू घेतलेला साधू डोळ्यांपुढे येतो, पॅरिसची टायपिस्ट नाही. मेलमध्ये लिहिलं, ‘अनुवादकाला बूट हा शब्द माहीत नाही काय?’ शिवाय हा शब्द एवढा कानात अडकला की पुढच्या प्रत्येक कादंबरीत मी फक्त पायांकडे बघायला लागले. गोळीबार चाललाय, माणसं मरतायत, आणि मी विचारतेय, हिच्या पायात काय आहे?

नववीनंतर राहवेना म्हणून जरा वाचलं, आणि गप्प बसले. जर्मनांनी फ्रान्सचं कातडं आपल्या सैन्यासाठी उचललं होतं. 1941 मध्ये पादत्राणं रेशनवर आली. मग चपलाकारांनी तळ लाकडाचे केले, वर कापड, रॅफिया (ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचा धागा), हाताला लागेल ते. लाकूड वाकत नाही, म्हणून तळाला आडव्या खाचा पाडून ते लवचीक करण्याचे प्रयोग झाले. त्या काळचे पॅरिसकर आठवणी सांगताना फरशीवरच्या लाकडी तळांच्या टकटकाटाचा हमखास उल्लेख करतात. मोज्यांचीही तीच गत. बायका उघड्या पोटरीवर पेन्सिलीने मागून शिवणीची रेघ ओढायच्या, म्हणजे मोजे घातल्यासारखं दिसायचं.

म्हणजे खडावाच की! अंगठ्याची खुंटी नसेल, पण आवाज तोच. संचारबंदीत जिना चढताना लपून बसायची सगळी हिकमत या एका खट् आवाजावर अडते. ‘बूट’ लिहिलं असतं तर मला ते कळलंच नसतं. त्या अनुवादकाला (नाव घेत नाही, अनुवादकांची नावं ॲपवरही कोणी धड देत नाही) मनातल्या मनात हात जोडले आणि तक्रारीचा तो भाग मागे घेतल्याची मेल टाकली. उत्तर आलं, ‘आपली समस्या सुटल्याचा आनंद आहे,’ आणि त्या आनंदात त्यांनी बत्तिसाव्या प्रकरणाची तक्रारही बंद केली.

आता या कसोटीवर बाकीच्या. पाच कादंबऱ्यांत नायिका 1943 मध्ये उंच टाचांचे चामडी बूट घालून दगडी गल्लीतून पळते आणि कोणाला ऐकू येत नाही. या पाचही ठिकाणी बाकीचं युद्धसुद्धा तसंच आहे, गुळगुळीत. वायरलेसवालीच्या दोन कादंबऱ्या ऐकल्या. ब्रिटिश हेरखात्याचा सूटकेसमधला वायरलेस संच सुमारे 15 किलोचा असायचा. या दोघी तो पर्ससारखा हलवत जिने चढतात. शिवाय चुका करत नाहीत. नूर इनायत खान, टिपू सुलतानच्या वंशातली, ब्रिटिशांनी व्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली पहिली महिला वायरलेस ऑपरेटर. ती जून 1943 मध्ये उतरली, आसपासचं जाळं भराभर पकडलं जात असताना मागे राहून संदेश पाठवत राहिली, ऑक्टोबरमध्ये सापडली आणि 13 सप्टेंबर 1944 रोजी जर्मनीतल्या डाखाऊ छळछावणीत मारली गेली. तिने पाठवलेल्या संदेशांच्या नकला वहीत जपून ठेवल्या होत्या, आणि ती वही जर्मनांच्या हाती लागली. केवढी चूक! पण चौकशीत ती बोलली नाही आणि पळून जायचे प्रयत्नही केले. कादंबरीवाले असली बाई घेतात, तिची वही काढून टाकतात आणि त्या जागी एक देखणा कॅप्टन घालतात.

रशियातल्या लेनिनग्राडला जर्मनांनी घातलेल्या वेढ्यावरची (दहावी) मात्र जपून ऐका, जेवणाआधी नको. नोव्हेंबर 1941 मध्ये घरातल्या नोकरी नसलेल्या माणसाला दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळायचा, त्यातही पिठाशिवाय बरीच भर. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ब्रेड ठेवून बघितला. चार स्लाइस झाले. बरा दिसतो की, असं वाटलं. मग निवेदिका सांगते की तो पाव ओला आणि जड असायचा, म्हणून तुकडा दिसायला याहून लहान. दोन स्लाइस काढून ठेवले. त्या कादंबरीत आई मुलाचा तुकडा सुरीने तीन भागांत कापते आणि सुरीला चिकटलेला चुरा बोटाने पुसून, बोट चाटायच्या आधी थांबते. इथे मी वेग 1.5 वरून 1 वर आणला. आठ महिन्यांत ही एकच वेळ.

रावेन्सब्रुकवरचीही चांगली. बर्लिनच्या उत्तरेला, मे 1939 मध्ये खास बायकांसाठी सुरू झालेली छळछावणी. पहाटेची हजेरी, पायात लाकडी तळ, आत कोंबलेला कागद. इथे लेखिकेने पायांचा हिशेब चोख ठेवलाय. जेर्मेन तियों या फ्रेंच कैदी बाईने याच छावणीत, खोक्यात लपून, छावणीचीच टिंगल करणारी ऑपेरेटा (हलकीफुलकी संगीतिका) लिहिली होती. हे खरं आहे, आणि नेमकं हेच कादंबरीत नाही. त्या बायका तिथे हसत होत्या, हे लिहायला लेखक घाबरतात की काय कोण जाणे.

आणखी एक. पॅरिसच्या बहुतेक सगळ्या कादंबऱ्या 25 ऑगस्ट 1944 ला, शहर जर्मनांच्या तावडीतून सुटलं त्या दिवशी, घंटा वाजतावाजता संपतात. त्या सुमारास फ्रान्सभर जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून सुमारे 20,000 बायकांची डोकी भर चौकात भादरली गेली. धाडसी टायपिस्ट त्या गर्दीत असेल ना? असली तर कुठे उभी होती? एकीतही उत्तर नाही.

निवेदनाबद्दल थोडक्यात: बायकांचे आवाज उत्तम, जर्मन शिपाई मात्र सगळे नाटकातल्या कंसासारखे.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. परवा मैत्रिणीकडे सातवीची छापील प्रत निघाली. बत्तिसावं प्रकरण, चार पानं, मी दारातच उभी राहून वाचलं. शिपाई हँडलकडे बघतही नाही. तो तिच्या खडावा काढायला लावतो, तळ पोकळ आहे का म्हणून बोटाने वाजवून बघतो, दोन्ही परत करतो. ती पुलाच्या टोकापर्यंत त्या हातात धरूनच सायकल ढकलत जाते. घालायच्या असतात हे तिला आठवत नाही.

तर सातवी घ्या, पण छापील. ॲपला दोन तारे, त्यातला एक अनुवादकाचा. सदस्यत्व आपोआप नूतनीकरण होऊ नये म्हणून कार्ड आजच काढून टाकलं. चार महिने उरलेत, यादीत वॉर्सावरच्या तीन आहेत, आणि पैसे भरलेत म्हटल्यावर त्या ऐकणारच.