मेगा ड्राइव्हला दोन स्विच बसवले, आठ महिने झाले

जुन्या गेमिंग मशीनवर जपानी गेम चालावेत म्हणून गणपतीच्या सुट्टीत हे काम केलं होतं, आता मे उजाडला. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर नुसतं "लय भारी" एवढंच लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम थांबलो.

मशीन म्हणजे सेगा मेगा ड्राइव्ह, मॉडेल वन, युरोपवालं म्हणजे पाल (युरोपात आणि आपल्याकडे असलेली टीव्हीची पद्धत). मामा जहाजावर होता, त्याने १९९४ ला साउथहॅम्प्टनहून आणलेलं. १९९५ ला शॉ वॉलेसने इकडे हेच मशीन विकायला सुरुवात केली तेव्हा किंमत होती १८,००० रुपये, त्या काळातले १८,००० बरं का, त्यामुळे सोसायटीत बाकी सगळ्यांकडे ९९९९ इन वनची पिवळी कार्ट्रिज आणि आमच्याकडे सेगा, माझा भाव काय होता ते विचारूच नका. एवढ्या वर्षांत एकदाही बिघडलं नाही, फक्त माळ्यावर पडून होतं.

मग मावसभाऊ टोकियोहून सुट्टीला आला आणि येताना जुन्या गेमच्या दुकानातून तीन कार्ट्रिज घेऊन आला: पल्समन, मॉन्स्टर वर्ल्ड फोर आणि बेअर नकल थ्री. लावायला गेलो तर आत जातच नाहीत! जपानी कार्ट्रिजच्या कडा गोल, जराशा रुंद, आणि आपल्याकडच्या मशीनचा स्लॉट त्यापेक्षा अरुंद. म्हणजे पहिलं कुलूप साधं प्लॅस्टिकचं. ते मी कानशीने दोन्ही बाजूंनी घासून काढलं, अर्धा तास लागला, भुसा आत पडू नये म्हणून वरचं झाकण आधी वेगळं केलं होतं, तेवढी अक्कल आली. कानस चालवायची नसेल तर नुसता आकार बदलून देणारे अडॅप्टरही मिळतात.

खरं कुलूप आत आहे. सेगाने वेगवेगळ्या देशांसाठी मशीन आतून फारसं वेगळं केलंच नाही, जवळजवळ एकच बोर्ड आणि त्यावर जेपी वन ते जेपी फोर असे चार जम्पर म्हणजे छोट्या जोडण्या, दोन भाषेसाठी आणि दोन ५०/६० हर्ट्झसाठी, म्हणजे सेकंदाला चित्र ५० वेळा की ६० वेळा. गेम सुरू होताना मशीनला विचारतो की बाबा तू जपानी की परदेशी, पाल की एनटीएससी (जपान-अमेरिकेची टीव्हीची पद्धत), आणि उत्तर आवडलं नाही की स्क्रीनवर मेसेज टाकून बसतो. सुरुवातीच्या गेममध्ये ही चौकशी नसायची, नंतर नंतर वाढत गेली. आपण करायचं एवढंच की जम्परची कायमची जोडणी तोडायची आणि तिथे स्विच लावायचा: मधली वायर चिपकडे, एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ग्राउंडला. भाषेच्या स्विचला ५ व्होल्ट म्हणजे इंग्लिश आणि ग्राउंड म्हणजे जपानी, हर्ट्झच्या स्विचला ५ व्होल्ट म्हणजे ६० आणि ग्राउंड म्हणजे ५०. बोर्डाची रिव्हिजन वेगळी असली की जागा बदलतात, तेव्हा आधी आपला बोर्ड ओळखा, मग सोल्डरिंग आयर्न गरम करा.

पुण्याच्या तापकीर गल्लीतून दोन टॉगल स्विच आणि वायर आणली, सगळं मिळून शंभरच्या आत. ५ व्होल्ट मी आतल्या ७८०५ रेग्युलेटरवरून (व्होल्ट कमी करून ५ वर आणणारा भाग) घेतले. तिथे एक सांगतो, तीन पायांपैकी पहिल्या पायावर अडॅप्टरचे येतात ते जास्तीचे व्होल्ट असतात, शेवटच्या पायावर ५. मी रात्री अकरा वाजता डुलक्या घेत पहिल्या पायालाच वायर लावली होती, नशीब की चालू करायच्या आधी मीटर लावून बघितलं. आणि जम्पर तोडताना बोर्डाचा एक ट्रॅक उचकटलाच. ओळखीच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे नेलं तर तो म्हणाला दादा हे फेकून द्या आता, शेवटी मीच जम्पर वायर मारून जोडलं. दिसायला घाण आहे पण आठ महिने चालतंय. वॉरंटीचं म्हणाल तर कंपनीने २००१ लाच कन्सोल बनवणं सोडून दिलं, कोणाला तोंड दाखवायचंय!

आता वापराचं.

मी हे केलं जपानी गेमसाठी, पण आठ महिन्यांत सगळ्यात जास्त वापरला तो ६० हर्ट्झचा स्विच, आणि तोही माझ्या लहानपणच्याच कार्ट्रिजवर. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणजे वाचलं होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं. हे गेम जपान-अमेरिकेच्या टीव्हीसाठी बनलेले, सेकंदाला ६० वेळा चित्र. युरोपात आणि आपल्याकडे पाल म्हणजे ५०. बऱ्याच कंपन्यांनी काही न बदलता तेच गेम तसेच इकडे विकले, मग काय, सगळं साधारण १७ टक्के हळू, आणि वर-खाली काळ्या पट्ट्या. सोनिकचा पहिला भाग मी वर्षानुवर्षं असा हळू खेळलोय आणि मला वाटायचं तो तसाच आहे. स्विच ६० वर टाकला आणि ग्रीन हिलचं म्हणजे पहिल्याच लेव्हलचं म्युझिक सुरू झालं तेव्हा मला खरंच वाटलं काहीतरी बिघडलं, हे इतकं फास्ट कसं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे गाणं वेगळं आहे का?" तिलाही कळलं! सोनिक टूमध्ये मात्र त्यांनी पालसाठी म्युझिकचा वेग सुधारला होता, त्यामुळे तिथे गाणं तेच आणि फक्त सोनिक जोरात पळतो.

अगदी काटेकोर बोलायचं तर पाल मशीनचं क्लॉक थोडं कमी असतं, त्यामुळे आपलं ६० हे ५९.४ च्या आसपास येतं आणि खऱ्या एनटीएससी मशीनपेक्षा एखादा टक्का हळूच राहतं. मला ढिम्म कळत नाही.

गेमचं थोडक्यात. पल्समन पैसा वसूल, पुढे पोकेमॉन बनवणाऱ्या गेम फ्रीकचा १९९४ चा गेम, जपानी वाचता आलं नाही तरी काही अडत नाही. बेअर नकल थ्री म्हणजे आपला स्ट्रीट्स ऑफ रेज थ्रीच, पण बाहेरच्या देशांसाठी त्यांनी तो उगाच अवघड केला, कपड्यांचे रंग बदलले आणि एक पात्र काढूनच टाकलं. जपानीवाला मी शेवटपर्यंत संपवला, इंग्लिशवाला आजतागायत नाही, यातच समजा. मॉन्स्टर वर्ल्ड फोर मात्र अर्ध्यात सोडला, दिसायला इतका गोड आहे पण गावातला प्रत्येक माणूस जपानीत बोलतो आणि मी मान डोलावतो. त्याची अधिकृत इंग्लिश आवृत्ती २०१२ मध्ये आली, तीही डाउनलोडवर, कार्ट्रिजला उपयोग नाही. एक मजा फुकटात: पहिल्या स्ट्रीट्स ऑफ रेजचं कार्ट्रिज लावून भाषा जपानी केली की टायटलला बेअर नकल येतं. म्हणजे इतकी वर्षं ते त्यातच होतं!

युरोपातला एखादा हट्टी गेम ६० वर सुरू होत नसेल तर आधी इंग्लिश आणि ५० वर चालू करायचा आणि चौकशी संपली की चालू असतानाच ६० करायचं, क्षणभर चित्र हलतं, बस. पण जो गेम ५० साठी नीट जुळवलेला असेल तो असा ६० वर टाकला की उंदरासारखा पळतो. आणि १९९० च्या आसपासची काही थर्ड पार्टी कार्ट्रिज नंतरच्या मशीनवर सुरू होताना लायसन्सची तपासणी होते त्यामुळे चालतच नाहीत, तिथे स्विचला दोष देऊ नका.

कटकट झाली ती टीव्हीची. साध्या पिवळ्या पिनेतून ६० हर्ट्झवर पालचेच रंग येतात, या जोडीला बरेच टीव्ही हो म्हणतात, आमच्या हॉलमधल्या टीव्हीने नाही म्हटलं, चित्र ब्लॅक अँड व्हाइट. शेवटी आरजीबीची स्कार्ट केबल (लाल, हिरवा, निळा रंग वेगवेगळ्या तारांतून देणारी) आणि ते एचडीएमआयमध्ये बदलणारी डबी घ्यावी लागली, आणि तिची किंमत या सगळ्या फेरफाराच्या कितीतरी पट. मॉडेल वनच्या मागच्या पिनेतून आवाज मोनो येतो, स्टिरिओ पाहिजे तर समोरच्या हेडफोन जॅकमधून ओढावा लागतो, तेव्हा केबल घेताना तशी बघून घ्या. आणि जपानी मशीनचा अडॅप्टर कोणी दिला तर आपल्या सॉकेटला लावू नका, तो १०० व्होल्टचा असतो.

स्विच मागच्या बाजूला बसवले ते चुकलं. प्रत्येक वेळी टीव्ही युनिटमध्ये हात घालून चाचपडावं लागतं, त्यातलं एक भोक दोन मिलिमीटर तिरकं गेलंय ते वेगळंच. आता केलं असतं तर पिक नावाची छोटी प्रोग्रॅम करता येणारी चिप टाकून रिसेटचं बटण दाबून धरलं की मोड बदलेल असं केलं असतं. ज्यांच्याकडे एव्हरड्राइव्ह (मेमरी कार्डवरून गेम चालवणारं कार्ट्रिज) आहे त्यांना स्लॉट घासायची गरज नाही, पण हर्ट्झ त्याने बदलत नाहीत, तो स्विच लागेलच.

एक गोष्ट राहिली. माझ्या बोटांना सोनिक ५० वरच पाठ आहे. ६० वर मी स्प्रिंग यार्ड या लेव्हलमध्ये जिथे कधीच मेलो नव्हतो तिथे मरतो, आणि पोरगं, वय नऊ, पहिल्यापासून ६० वरच शिकलं, ते मला विचारतं की बाबा तुम्ही तर चॅम्पियन होता ना. तो झोपला की मी मागे हात घालून स्विच ५० वर टाकतो.