रोजच्या वापराला छोटी स्पोर्टी गाडी: ब्रोशरमधला हॉर्सपॉवर बघू नका, २५०० आरपीएमला काय मिळतं ते बघा

छोटी, स्पोर्टी गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पॉवर किती आहे?" आणि माझ्या मते चुकीची गाडी गळ्यात पडायची सुरुवात तिथूनच होते, कारण ब्रोशरवर छापलेला आकडा इंजिन साडेपाच-सहा हजार आरपीएमला (म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेत) किंचाळत असतानाचा असतो आणि रोज कामावर जाताना-येताना आपण तिथे कधी जातच नाही. आपलं सगळं आयुष्य १५०० ते ३००० च्या मधेच जातं. पुढे ट्रक आहे, चौथ्या गिअरमधे ५० ने चाललोय, जागा दिसली, पाय दाबला, तर गाडी लगेच उचलली पाहिजे. एवढंच हवं असतं, आणि कागदावर तगड्या दिसणाऱ्या काही गाड्या नेमकं तेवढंच देत नाहीत.

मला हे पटलं ते एका साध्या हिशोबाने. टॉर्क (इंजिनचा फिरवायचा जोर) न्यूटन मीटरमधे घ्यायचा, त्याला आरपीएमने गुणायचं आणि ७०२४ ने भागायचं, की त्या आरपीएमला इंजिन किती पीएस देतंय ते कळतं (पीएस म्हणजे आपला हॉर्सपॉवरच, मेट्रिकमधला). आता दोन गाड्या घ्या. २०१२ ची टोयोटा जीटी८६, २ लिटर, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नाही, २०० पीएस. आणि २०१७ ला आलेली सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, १.४ टर्बो, १४० पीएस. आकडे बघून कोणीही सांगेल की पहिलीच दमदार. पण स्विफ्ट स्पोर्टचा २३० न्यूटन मीटर टॉर्क २५०० आरपीएमलाच पूर्ण मिळतो, म्हणजे तिथे साधारण ८२ पीएस हातात. जीटी८६ चा जास्तीत जास्त टॉर्कच २०५ आणि तोही ६४०० ला, म्हणजे २५०० ला ती कितीही झटली तरी ७३ पीएसच्या वर जाऊच शकत नाही. त्यात स्विफ्टचं वजन ९७० किलोच्या आसपास आणि जीटी८६ साधारण १२४० किलो. एक टन वजनामागे किती पीएस ते काढलं तर एकीकडे ८४ आणि दुसरीकडे फार तर ५९! गिअर रेशोचा थोडा फरक पडतो, टर्बो भरायला जरासा वेळ लागतो, हे सगळं मान्य, पण रोजच्या ट्रॅफिकमधे कुठली गाडी जिवंत वाटणार ते कळायला एवढं पुरे. टोयोटालाही ही तक्रार कळली असावी, कारण पुढच्या जीआर८६ मधे इंजिन २.४ लिटरचं झालं आणि २५० न्यूटन मीटर ३७०० लाच मिळायला लागले. ती गाडी चालवायला खरंच फार गोड आहे, पण मागची सीट नावालाच आहे त्यामुळे बाकी घरच्यांसाठी दुसरी गाडी असेल तरच तिचा विचार करा.

तर आता मुख्य चार. स्विफ्ट स्पोर्ट, ह्युंदाई आय२० एन, फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि टोयोटा जीआर यारिस. यातल्या काही गाड्या काही देशांत नवीन मिळायच्या बंद झाल्यात (आय२० एन युरोपात २०२४ ला बंद केली), त्यामुळे सेकंडहँडकडे बघावं लागेल, त्याबद्दल खाली लिहिलंय.

स्विफ्ट स्पोर्ट माझी लाडकी आहे हे आधीच सांगून टाकतो म्हणजे तुम्ही त्या हिशोबाने वाचाल. तिची जादू वजनात आहे. १९७६ ला पहिली गोल्फ जीटीआय आली तेव्हा ती ११० पीएस आणि ८१० किलो होती, टनामागे १३६ पीएस. स्विफ्ट स्पोर्ट १४४ ला येते, म्हणजे आजच्या एअरबॅग, एसी, सगळ्या सोयी घेऊनही ती त्या मूळ कल्पनेच्या जवळ आहे, बाकीच्या सगळ्या फुगत गेल्या. हलकी गाडी असली की ब्रेक कमी तापतात, टायर कमी झिजतात, पेट्रोल कमी लागतं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ६० च्या स्पीडलाही वळणावर मजा येते, मजेसाठी वेड्यासारखं पळवावं लागत नाही. कमी काय? हायवेला टायरचा आणि वाऱ्याचा आवाज आत येतो, आतलं प्लॅस्टिक साधं, आणि १२० च्या पुढे तिचा दम हळूहळू कमी होतो. नंतर युरोपात ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड (इंजिनला छोट्या इलेक्ट्रिक मोटरची मदत) आली, ती १२९ पीएस आणि थोडी जड, पण टॉर्क २३५, म्हणजे शहरात कमी पडत नाही. माझं ऐकाल तर दोन्हीत जुनी १४० वाली चांगली मिळाली तर ती घ्या.

आय२० एन म्हणजे याच साईजमधे जास्त तिखट. १.६ टर्बो, २०४ पीएस, २७५ न्यूटन मीटर आणि तो टॉर्क १७५० पासून ४५०० पर्यंत सपाट. वजन ११९० किलो. पुढच्या चाकांना मेकॅनिकल लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना पाय दिला तरी आतलं चाक फुकट फिरत बसत नाही, गाडी आत खेचली जाते, हा अनुभव स्विफ्टमधे नाही. पण सस्पेन्शन कडक आहे आणि ते बटनाने मऊ करता येत नाही. मोड बदलले की इंजिन, स्टिअरिंग, एक्झॉस्ट बदलतं, डॅम्पर (सस्पेन्शनमधले शॉक अब्सॉर्बर) तसेच राहतात. रस्ता खराब असेल तर रोज संध्याकाळी कंबर तुम्हाला त्याची आठवण करून देईल. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, आय२० एन वेगळी आणि आय२० एन लाइन वेगळी, एन लाइनला दिसणं स्पोर्टी आहे, जोडीला १.० टर्बो १२० पीएसच्या आसपास. वाईट नाही ती, रोजच्याला पुरते, पण जाहिरातीत फक्त "एन" वाचून फोन करू नका.

याच जातीतली फोर्ड फिएस्टा एसटी पण आहे, १.५ लिटर तीन सिलिंडर, २०० पीएस, चालवायला अफलातून, पण फिएस्टाचं उत्पादनच जुलै २०२३ ला थांबलं आणि ती पण कडकच आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहीत नाही.

गोल्फ जीटीआयबद्दल लोक म्हणतात की ती बोअर झालीय. मला नाही पटत. आठव्या पिढीची २४५ पीएसची घ्या, ३७० न्यूटन मीटर १६०० ते ४३०० आरपीएमपर्यंत, म्हणजे २००० ला तुमच्याकडे १०५ पीएस आहेत, आय२० एनकडे तिथे ७८. गोल्फ जड आहे, १४०० किलोच्या पुढे, तरीही टनामागे काढलं तर खालच्या आरपीएमला तीच पुढे राहते. आणि गंमत म्हणजे पूर्ण पॉवरला टनामागे दोघी जवळपास सारख्याच! फरक पडतो तो हा की गोल्फ तेच काम शांतपणे करते, सात गिअरचा डीएसजी (फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ट्रॅफिकमधे डावा पाय मोकळा ठेवतो, डिकी ३७० लिटरच्या वर, मागे दोन मोठी माणसं आरामात. ज्यांना रोज तास-दीड तास गाडीत काढायचाय, त्यातला अर्धा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे, त्यांना मी डोळे झाकून हीच सांगेन. फक्त त्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांमधे एसीच्या तापमानाची टचवाली पट्टी होती तिला लाईटच नव्हता, रात्री चाचपडत बसा, आणि स्टिअरिंगवरची बटनं पण टचची, वळताना तळवा लागून भलतंच चालू व्हायचं. रोजच्या गाडीत असल्या गोष्टी इंजिनपेक्षा जास्त डोक्यात जातात. २०२४ च्या फेसलिफ्टमधे पट्टीला लाईट आला, खरी बटनं परत आली, पॉवर २६५ झाली, पण मॅन्युअल गिअरबॉक्स गेला. मॅन्युअल हवा असेल तर मागचीच शोधावी लागेल.

जीआर यारिस… हिच्याबद्दल मनाला आवर घालून लिहावं लागतं. वर्ल्ड रॅलीसाठी मान्यता मिळावी म्हणून बनवलेली गाडी, १.६ लिटर तीन सिलिंडर टर्बो, २६१ पीएस (२०२४ पासून २८०), चारही चाकांना ताकद, १२८० किलो. टनामागे २०० च्या वर. पण ज्या प्रश्नाने सुरुवात केली तोच इथे विचारा, २५०० ला काय मिळतं? तिचा पूर्ण ३६० न्यूटन मीटर ३००० ला सुरू होतो. त्याच्या खाली ती वाट बघायला लावते आणि मग एकदम धडकन सुटते, मोकळ्या डोंगरी रस्त्यावर स्वर्ग, गर्दीत मात्र तिला सारखं मागे धरून ठेवावं लागतं. दारं दोनच (डिकीचं धरून तीन), मागे बसणाऱ्याला छत डोक्याला लागतं, डिकी १७४ लिटर, एक सूटकेस आणि संपलं. लहान मूल असेल आणि चाइल्ड सीट मागे लावायची असेल तर वाकून वाकून महिन्याभरात वैताग येईल. पावसात किंवा बर्फात मात्र तिच्याइतकी पकड बाकी तिघींत नाही, तो मुद्दा खराच मोठा आहे, तुमच्याकडे वर्षातले चार महिने रस्ता ओला असेल तर माझं हे सगळं उलटंही होऊ शकतं.

होंडा सिव्हिक टाइप आर पण लोक यादीत टाकतात. ३२९ पीएस, ४२० न्यूटन मीटर २२०० पासून, डिकी ४१० लिटर, डॅम्पर मऊ-कडक करता येतात त्यामुळे दिसते त्यापेक्षा बरीच आरामदायक. पण लांबी जवळपास ४.६ मीटर, तिला कॉम्पॅक्ट म्हणणं मला जमत नाही, आणि रोजच्या रस्त्यावर तिची अर्धी ताकदही वापरता येत नाही.

इलेक्ट्रिकचं म्हणाल तर अबार्थ ५००ई बघा, १५५ पीएस, २३५ न्यूटन मीटर आणि तो टॉर्क शून्यापासून, टर्बो भरायची वाट नाही, गिअर नाही. शहरात ५० पर्यंत तिच्यापुढे वरच्या बहुतेक गाड्या आळशी वाटतात. बॅटरी ४२ किलोवॅट अवरची, म्हणजे लांबच्या प्रवासाला सारखं थांबावं लागणार, आणि वजन एवढ्याशा गाडीला १४०० किलोच्या घरात. घरी चार्जिंग आहे आणि रोजचं अंतर ठरलेलं आहे, तर हिला आधी चालवून बघा आणि मग बाकीच्यांकडे वळा.

आता टायरबद्दल, कारण यावर कोणी बोलत नाही आणि रोजचा आराम इथेच ठरतो. टायरवर लिहिलेला दुसरा आकडा म्हणजे रुंदीच्या किती टक्के त्याची उंची. स्विफ्ट स्पोर्टला १९५/४५ आर १७, म्हणजे ८८ मिलिमीटर रबर. आय२० एनला २१५/४० आर १८, ८६ मिलिमीटर. गोल्फ १७ इंची चाकावर २२५/४५, म्हणजे १०१, पण तीच गोल्फ १९ इंची २३५/३५ वर घेतली तर ८२ वर येते. टाइप आर २६५/३०, जेमतेम ८०. खड्ड्याचा दणका आधी हे रबर खातं, उरलेला सस्पेन्शन, आणि त्यातूनही उरला तर तुम्ही. मी एकदा केवळ फोटोत छान दिसतात म्हणून १९ इंची चाकं घेतली होती, पहिल्याच पावसाळ्यात एका रिमला बाक आला आणि एक टायर बाजूने फुगला, तेव्हापासून कोणीही विचारलं की मी सांगतो, गोल्फ घेणार तर १७ किंवा १८ वरच घ्या.

सेकंडहँड बघताना सगळ्यात आधी विचारा की इंजिनचं रिमॅप केलंय का. या टर्बो गाड्यांत सॉफ्टवेअर बदलून टॉर्क वाढवणं सोपं आहे आणि विकताना परत मूळ सॉफ्टवेअर टाकणंही तितकंच सोपं, त्यामुळे तोंडी उत्तरावर जाऊ नका. क्लच बघा. मॅन्युअल असेल तर वरच्या गिअरमधे २००० च्या पुढे पूर्ण पाय दाबा, आरपीएम चढला पण स्पीड त्या मानाने वाढला नाही तर क्लच घसरतोय. चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का बघा, जीआर यारिससारख्या चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत तर हे जास्तच, मागे-पुढे वेगळे झिजलेले टायर त्या यंत्रणेला त्रास देतात. ऑइल बदलल्याच्या नोंदी बघा, छोट्या टर्बो इंजिनात ऑइल हाच जीव. आणि घेतल्यावर तुम्ही स्वतः एक सवय लावून घ्या, वरच्या गिअरमधे १२००-१५०० आरपीएमला गाडी रेंगाळत असताना पेडल तळाला नेऊ नका, डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जास्त दाब आला की मिश्रण वेळेआधी पेट घेऊ शकतं आणि त्यात पिस्टन फुटूही शकतो. एक गिअर खाली टाका, मग दाबा.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमचा ठरलेला गुळगुळीत रस्ता घेऊ नका. तुमचा रोजचा रस्ता मागा, शक्यतो तुमच्या रोजच्याच वेळेला. तिसऱ्या गिअरमधे ४० ला आणि चौथ्यात ५० ला स्थिर चालवा आणि गिअर न बदलता पाय दाबा, मोजा किती सेकंदांनी पाठ सीटला टेकते (ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला टाकून करा, नाहीतर ती लगेच गिअर खाली टाकते आणि काही कळत नाही). मग रस्त्यावरचा सगळ्यात वाईट तुकडा त्याच स्पीडने पार करा जसा रोज करता, मागच्या सीटवर घरातल्या कोणाला तरी बसवून. उतरल्यावर आधी त्यांना विचारा कसं वाटलं.