बेळगावच्या टिळकवाडीतली लॅब : प्रोलॅक्टिन (स्तनात दूध आणणारं हार्मोन) तपासणीपुरता अभिप्राय

रक्त घेण्याचं काम इथे चोख. खानापूर, निपाणीहून बसनं धक्के खात आलेल्या पेशंटला आधी २०-३० मिनिटं निवांत बसवतात. ते हवंच, कारण ताणानं आणि नुकतंच झोपेतून उठल्यानंही प्रोलॅक्टिन वाढतं. पण डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड (उलटी-अपचनावरची, प्रोलॅक्टिन वाढवणारी औषधं) चालू आहे का, हे काउंटरवर कुणी विचारत नाही. चिठ्ठी आपणच दाखवावी. गोळी मात्र मनानं बंद करू नये. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) सोबतच करून घ्या, कारण थायरॉइड मंदावलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं.

खरी उणीव पुढे आहे. एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत भली मोठी गाठ आणि प्रोलॅक्टिन जेमतेम १००-१५० नॅनोग्रॅम/मिली, असं दिसलं तर नमुना १:१०० पातळ करून पुन्हा मोजायलाच हवा. हार्मोन अफाट असला की यंत्र खोटा कमी आकडा देतं, आणि गोळ्यांनी आटोक्यात येणाऱ्या गाठीवर विनाकारण ऑपरेशन होऊ शकतं. इथे सांगितल्याशिवाय हे करत नाहीत. उलट आकडा वाढलेला, पण पाळी नियमित आणि स्तनातून दूधही नाही, तर मॅक्रोप्रोलॅक्टिन (आकडा वाढवणारं, पण शरीरावर फारसा परिणाम न करणारं मोठ्या रेणूचं प्रोलॅक्टिन) तपासायला सांगा.

प्रोलॅक्टिन वाढलेल्या पेशंटांत वजन, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), इन्सुलिनला प्रतिकार वाढलेला आढळतो. लिपिड आणि साखर त्याच उपाशी रक्तात उरकावी. सूचनापत्रक कन्नड-इंग्रजीतच आहे, मराठीतही द्यावं.